१०६ टक्के पाऊस म्हणजे आमच्या माळावर किती?

एप्रिल २०२४ची गोष्ट. सकाळपासून व्हॉट्सॲपवर एकच बातमी फिरत होती, यंदा सरासरीच्या १०६ टक्के पाऊस, बळीराजासाठी खुशखबर, खाली ढगांचे आणि हात जोडलेले इमोजी. आमचे तात्या, म्हणजे माझे थोरले चुलते, गडहिंग्लज तालुक्यात माळावर चार एकर कोरडवाहू करतात, सोयाबीन, भुईमूग, मधनंमधनं तूर आणि घरापुरती जवारी मिरची. त्यांनी बातमी वाचली आणि मला फोन लावला. मी कोल्हापुरात कॉलेजला फिजिक्स शिकवतो, त्यामुळं घरात असा समज आहे की आभाळातलं सगळं मला कळतं.

"१०६ टक्के म्हंजे आपल्या माळावर किती रं?"

म्हटलं, "तात्या, त्यातनं आपल्या माळाचं कायच कळत न्हाई."

"मग ह्ये सांगत्यात कुणाला?"

प्रश्न एकदम रास्त होता आणि मला फोनवर धड उत्तर देता आलं नाही, म्हणून हा एवढा मोठा लेख.

आधी ते १०६ कशाचं ते बघू. आपल्या देशात जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत सरासरी ८७ सेंटीमीटर पाऊस पडतो, आणि ही सरासरी १९७१ ते २०२० या ५० वर्षांची. कुणाची सरासरी, तर अख्ख्या देशाची, चेरापुंजीपासून जैसलमेरपर्यंत सगळं एका पातेल्यात घालून ढवळलेली. हवामान खातं एप्रिलच्या मध्याला आकडा देतं तो या ८७ सेंटीमीटरच्या किती टक्के पडेल एवढंच सांगतो. ९६ ते १०४ म्हणजे नॉर्मल, १०५ ते ११० म्हणजे जास्त, ९० ते ९५ म्हणजे कमी, आणि ९०च्या खाली गेलं की सरकारपासून सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळतं. त्यातही एप्रिलच्या आकड्यात ५ टक्के इकडंतिकडं धरायचे, मेअखेरीला सुधारलेला आकडा येतो त्यात ४. म्हणजे १०६ याचा अर्थ १०१ ते १११ मधलं कायतरी. बातमीत हे शेवटच्या ओळीत असतं, नाहीतर नसतंच.

गल्लीत रविवारी माणशी पावशेर मटण शिजलं असं कुणी सांगितलं तर हिशोब बरोबर असेलही, पण कुणाच्यात तांबड्या-पांढऱ्याची पातेली उतू चालली होती आणि कुणाच्यात नुसतं पिठलं होतं ते त्यातनं कळत नाही. पावसाचं तसंच आहे आणि त्यासाठी जैसलमेरला जायची गरज नाही, आपला एकच जिल्हा घ्या. गगनबावड्यात वर्षाला ५ हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तिथनं पूर्वेला शंभरेक किलोमीटरवर शिरोळला ५००-६०० पडला की झालं. एकाच जिल्ह्यात जवळजवळ दहापट फरक! अरबी समुद्रावरनं आलेलं बाष्प सह्याद्रीला थटतं, वर चढतं, थंड होतं आणि घाटमाथ्यावरच सगळं ओतून मोकळं होतं, पलीकडं उतरणाऱ्या वाऱ्याकडं द्यायला फारसं उरत नाही, म्हणून मग जत, आटपाडी, माण, सांगोला हा सगळा पट्टा पर्जन्यछायेत. आणि हवामान खात्याच्या नकाशावर हे सगळं 'मध्य महाराष्ट्र' या एकाच विभागात येतं, म्हणजे गगनबावडा आणि सांगोला एकाच पंगतीला बसवलेत आणि वाढप्याला सांगितलंय की दोघांचं मिळून मोजायचं.

बरं, किती पडला यापेक्षा कधी पडला हे मोठं, आणि ते प्रत्येकाचं वेगळं. चंदगड-आजऱ्याकडं मेच्या शेवटाला धूळवाफ भात पेरतात, कोरड्या मातीत बी टाकायचं आणि वर बघत बसायचं, त्यांना रोहिणी-मृग वेळेत पाहिजे. भोगावती-पंचगंगेच्या काठच्या ऊसवाल्याला त्याच्या स्वतःच्या रानात पडला काय न पडला काय, राधानगरी भरलं की तो निवांत, शाहू महाराजांनी ते धरण बांधायला घेतलं त्याची फळं तो अजून खातोय. तात्यांना मात्र ऑगस्ट पाहिजे, कारण तेव्हा सोयाबीन फुलोऱ्यात असतं, शेंगा धरायला लागतात, आणि त्या टायमाला पावसानं पंधरा-वीस दिवस दडी मारली की झाडं नुसती उभी दिसतात, शेंगेत दाणा भरत नाही. शिरोळवाल्याची तर तऱ्हाच उलटी, त्याच्याकडं पाऊस जिल्ह्यात कमी पण पुराचं पाणी दारात, त्यामुळं त्यानं शिरोळचा अंदाज बघून काय उपयोग, त्यानं गगनबावडा-राधानगरीचा आणि तिकडं कोयना-महाबळेश्वरचा बघायचा.

आता दोन वर्षं शेजारी ठेवून बघा.

२०२३ला खात्यानं ९६ टक्के सांगितलं होतं, देशात ९४ पडला. परीक्षेत पास, तेपण चांगल्या मार्कांनी. पण तोच आकडा महिन्यांत फोडा. जून ९१, जुलै ११३, ऑगस्ट ६४, सप्टेंबर ११३. १९०१ पासूनच्या नोंदींमधला देशाचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट तो. त्या महिन्याच्या शेवटाला मी गावी गेलो होतो. तात्या काय बोलले नाहीत, सरळ रानात घेऊन गेले, सोयाबीनची एक शेंग तोडली आणि नखानं उकलून माझ्या तळहातावर ठेवली. आत तीन दाण्यांची जागा होती, दोन घरं रिकामी आणि तिसऱ्यात ज्वारीएवढा एक हिरवा मणी. आमचं रान मुरमाड, काळ्या रानासारख्या भेगासुद्धा पडत नाहीत त्याला, पायाखाली नुसता फुफाटा. पुढं ३१ ऑक्टोबरला राज्य सरकारनं ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यात आपल्या जिल्ह्यातले दोन होते, हातकणंगले आणि गडहिंग्लज. कोल्हापूर म्हटलं की लोकांना महापूरच आठवतो, पुण्यातल्या एका मित्रानं मला फोन करून विचारलं, "तुमच्याकडं दुष्काळ? चेष्टा करतोयस काय?"

२०१९ला पण अंदाज ९६चाच होता. जून गेला तेव्हा देशात ३३ टक्के तूट, टीव्हीवर दुष्काळाच्या चर्चा सुरू. आणि ऑगस्टमध्ये कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ५५ फूट ७ इंचावर, जिथं ४३ फूट म्हणजे धोक्याची पातळी. सीझन संपला तेव्हा देशाचा आकडा ११०. म्हणजे अंदाज बरोबर आला त्या वर्षी आमचं सोयाबीन वाळलं आणि चुकला त्या वर्षी अर्धं शहर पाण्यात. त्या ९६ कडं बघून दोन्ही वेळेला कुणाला कायपण कळलं नसतं, कारण त्या आकड्याचं ते कामच नाही.

मग तो काढतात तरी कसा? तात्यांचा नेहमीचा टोमणा असतो, "फुडच्या बेस्तरवारी पाऊस पडंल का त्ये सांगाय येत न्हाई, आनि चार म्हयन्याचं कसं सांगत्यात?" वरवर बघितलं तर बिनतोड वाटतं. पण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रोजची हवा लहरी असते, आज मोजमापात केसाएवढी चूक राहिली तरी ती वाढत वाढत जाते आणि दोनेक आठवड्यांच्या पुढं अंदाजाचा पार चोथा होतो, हे एडवर्ड लॉरेंझ यांनी १९६०च्या दशकातच दाखवून दिलंय. सीझनच्या अंदाजात कुठल्या दिवशी काय हे सांगायचंच नसतं, पारडं कुठल्या बाजूला झुकलंय तेवढं सांगायचं असतं. खासबागेत दोन पैलवानांची जोड लागली, एकानं वर्षभर जोर-बैठका घासल्यात आणि दुसरा आत्ताच दुखण्यातनं उठलाय, तर कितव्या मिनिटाला कुठला डाव पडेल हे वस्तादालापण सांगता येणार नाही, पण अशा दहा कुस्त्या झाल्या तर जास्त कोण मारणार ते सांगता येतं. आणि तरी एखादी उलटी होतेच, त्यालाच तर आपण मैदानात शिट्ट्या मारतो.

पारडं झुकवतो तो समुद्र. गुऱ्हाळावर गेला असाल तर काहील बघितली असेल. रस ओतल्यावर तो तापायला वेळ लागतो, आणि एकदा का तापला की चुलवाणातला जाळ ओढला तरी लगेच गार होत नाही, वरची वाफ मात्र वारा येईल तशी क्षणाक्षणाला इकडं-तिकडं. हवा म्हणजे ती वाफ, समुद्र म्हणजे काहील. वाफ पुढच्या मिनिटाला कुठं जाईल सांगता येत नाही, पण काहील तापलेली आहे आणि अजून तासभर वाफ निघणार एवढं डोळे झाकून सांगता येतं. समुद्राचं पाणी महिनोन्महिने आपलं तापमान धरून ठेवतं, म्हणून एप्रिलमधला समुद्र बघून जून-जुलैबद्दल कायतरी बोलता येतं. सगळ्या अंदाजाचं मूळ एवढ्यात आहे, बाकी तपशील.

तपशिलातला सगळ्यात मोठा मानकरी एल निनो. तो घडतो प्रशांत महासागरात, आपल्यापासून अर्धी पृथ्वी लांब. एरवी तिथं विषुववृत्ताजवळ वारे पूर्वेकडनं पश्चिमेकडं वाहतात आणि वरचं गरम पाणी ढकलत ढकलत इंडोनेशियाच्या बाजूला नेऊन साठवतात. गरम पाण्यावर हवा वर चढते, ढग होतात, आपल्या बाजूलापण वातावरण पावसाला धार्जिणं राहतं. काही वर्षी हे वारे ढेपाळतात, मग साठलेलं गरम पाणी उलटं पेरू देशाच्या दिशेनं सरकतं, त्याच्यामागं हवा वर चढायची जागापण सरकते, आणि वर चढलेली हवा कुठंतरी खाली उतरणारच, ती उतरते आपल्या बाजूला. उतरणारी हवा ढग दाबते. मधल्या प्रशांतातल्या ठरावीक पट्ट्यात पाणी नेहमीपेक्षा अर्धा अंश गरम झालं आणि काही महिने तसंच राहिलं की एल निनो म्हणतात, आणि गार झालं की ला निना, जी सहसा आपल्याला चांगली. फक्त अर्धा अंश! आपल्याकडं अर्ध्या अंशानं चहापण गार झालेला कळत नाही. १९७२, १९८२, १९८७, २००२, २००९, २०१५, देशातल्या या सगळ्या दुष्काळी वर्षांत एल निनो होता. आमच्या आजीच्या तोंडी ७२च्या दुष्काळात मदत म्हणून मिळालेली सुकडी आणि मिलो कायम असायची, तिला कुणी सांगितलं असतं की त्यात तिकडच्या पेरूचा हात होता तर तिनं वेड्यातच काढलं असतं.

पण एल निनो आला म्हणजे दुष्काळ ठरलेलाच, हेपण खरं नाही, आणि इथं बातम्या देणारे सगळ्यात जास्त घसरतात. १९९७ला शतकातल्या जबरदस्त एल निनोंपैकी एक होता आणि देशात पाऊस पडला १०२ टक्के. कारण आपल्या हिंदी महासागराचं स्वतःचं एक राजकारण आहे. आफ्रिकेच्या बाजूचं पाणी गरम आणि सुमात्राच्या बाजूचं गार असलं की आपल्याला फायदा, उलटं असलं की तोटा, याला इंडियन ओशन डायपोल म्हणतात आणि हे शास्त्रज्ञांच्या नीट ध्यानात आलं १९९९ला, म्हणजे तोवर हा पठ्ठ्या आकडेमोडीतनं निसटतच होता. १९९७ला हा आपल्या बाजूनं होता. २०१९लापण होता, आणि लय जोरात होता.

या सगळ्याचा शोध लागायला दुष्काळच कारणीभूत. १८७५ला हवामान खातं सुरू झालं, पाठोपाठ दख्खनमध्ये १८७६-७८चा भयंकर दुष्काळ पडला, आणि सरकारनं खात्याच्या हेन्री ब्लॅनफर्ड यांना विचारलं की हे आधी सांगता येईल का. त्यांनी हिमालयातला बर्फ पकडला, बर्फ जास्त तर पाऊस कमी, आणि १८८६पासून दरवर्षी अंदाज द्यायला सुरुवात केली. त्यांच्यानंतरचे जॉन इलियट यांनी १८९९ला चांगला पाऊस सांगितला आणि त्या वर्षी दुष्काळ पडला. मग १९०४ला आले गिल्बर्ट वॉकर, मूळचे गणिती. त्यांना कळलं की भारतात बसून फक्त भारताचं आभाळ बघून हे सुटणार नाही, जगभरातल्या हवेच्या दाबाच्या नोंदी मागवल्या, त्या काळात कॉम्प्युटर कुठला, हातानं आकडेमोड करणारी माणसं बसवली, आणि त्यातनं दिसलं की प्रशांतात दाब चढला की हिंदी महासागरात उतरतो आणि इकडं चढला की तिकडं उतरतो, तराजूसारखं. एल निनोचंच हे हवेतलं रूप, पण समुद्राशी त्याची गाठ घालायला १९६९ उजाडलं. माणूस मान्सून शोधायला गेला आणि त्याच्या हाताला जगाच्या हवामानाची नस लागली. पुण्यात शिवाजीनगरला हवामान खात्याची जुनी इमारत आहे, तिला अजून 'सिमला ऑफिस' म्हणतात कारण १९२८ला ऑफिस सिमल्याहून तिथं हललं, आणि दरवर्षीच्या त्या टक्क्यांच्या मागची बरीचशी आकडेमोड अजूनही पुण्यातच होते.

वॉकरांची पद्धत जुन्या नोंदींवर चालणारी होती, मागं असं असं झालं तेव्हा असं असं झालं, म्हणून यंदापण. १९८८पासून खातं १६ निकष लावून असंच करायचं आणि बरीच वर्षं बरं चाललं. २००२ला सगळे निकष नॉर्मल म्हणत होते, आणि जुलैमध्ये देशात पाऊस सरासरीच्या निम्म्याच्या आसपास पडला, सीझन ८१ टक्क्यांवर आडवा. पुढच्याच वर्षी ते मॉडेल गुंडाळावं लागलं. आता पाषाणच्या उष्णदेशीय हवामान संस्थेत समुद्र आणि हवा दोन्ही एकत्र चालवणारी मॉडेल असतात, म्हणजे पृथ्वीची एक नक्कल कॉम्प्युटरमध्ये बनवायची आणि पुढचे महिने चालवून बघायची. ती एकदा नाही चालवत. सुरुवातीचे आकडे किंचित बदलून पुन्हापुन्हा चालवतात, युरोपवाले दर महिन्याला ५१ वेळा. ५१ पैकी ४० नकलांमध्ये पाऊस कमी आला तर बोलायला दम येतो, २६-२५ झालं तर गप बसलेलं बरं. बाहेर येणारा आकडा त्या सगळ्या नकलांचं सार असतो.

मग हे मॉडेल माळाचं का सांगत नाही? कारण ते पृथ्वीचे चौकोन पाडतं आणि एका चौकोनाला एकच पाऊस देतं. आपल्या सीझनच्या मॉडेलमध्ये हा चौकोन साधारण ३८ किलोमीटरचा. कोल्हापूर ते गगनबावडा ५५ किलोमीटर. म्हणजे घाट, राधानगरीचं जंगल, भाताची खाचरं आणि आमची कळंब्याची गल्ली हे सगळं त्याच्या लेखी दीड चौकोन, त्यात सह्याद्री म्हणजे एक गुळगुळीत उंचवटा. शिवाय एप्रिलच्या अंदाजाची आणखी एक अडचण, मार्च ते मे हा काळ एल निनो ओळखायला वर्षातला सगळ्यात वाईट, प्रशांत तेव्हा कूस बदलत असतो. बियाण्याचं ठरवायला आपल्याला अंदाज पाहिजे नेमका तेव्हाच. म्हणून मेअखेरचा दुसरा अंदाज बघायचा, तो जास्त भरवशाचा, पण त्याची बातमी एप्रिलएवढी गाजत नाही.

टक्क्यांपेक्षा शहाणी गोष्ट म्हणजे त्या अंदाजासोबत येणारा रंगीत नकाशा. तो असा वाचायचा. मागच्या सगळ्या वर्षांचे तीन सारखे ढीग करा, कमी पावसाची, मधली, जास्तीची. काहीच माहिती नसेल तर यंदाचं वर्ष कुठल्याही ढिगात जायची शक्यता ३३-३३. नकाशा म्हणतो की तुमच्या भागात कमीच्या ढिगाची शक्यता, समजा, ४५. याचा अर्थ पाऊस कमी पडणार असा नाही! अशी दहा वर्षं आली तर चार-पाच वेळा कमी पडेल, पाच-सहा वेळा नाही पडणार. हे तात्यांना सांगितलं तर म्हणाले, "मग ह्यात नवीन काय, आमी जन्मभर ह्योच जुगार खेळतोय." मी म्हटलं बरोबर, पण एरवी पत्ते झाकलेले असतात, इथं एक पत्ता थोडा वाकडा करून दाखवलाय. पैज लावायची का नाही ते तुमच्यावर, पण कितीची लावायची हे तरी ठरवता येतं. कमीकडं झुकलंय असं दिसलं तर चारही एकर एकाच टायमाला एकाच वाणाचं सोयाबीन टाकायचं नाही, एक एकर लवकर येणारं वाण घ्यायचं, तुरीचे दोन काकर वाढवायचे, कडबा विकायची घाई करायची नाही. अंदाज उलटा ठरला तरी यात कुणी बुडत नाही.

नक्षत्रांचं काय, हा प्रश्न येणारच. माझं मत थोडं वेगळं आहे. मृग दरवर्षी ७-८ जूनलाच निघतो, कारण नक्षत्रं सूर्याच्या हिशोबानं चालतात, आणि पेरण्या त्याच सुमाराला. तरणा पाऊस, म्हातारा पाऊस, हत्तीचा पाऊस, ही शेकडो वर्षांच्या अनुभवातनं काढलेली पंधरा-पंधरा दिवसांची सरासरीच आहे, आमच्या आजीची ५० वर्षांची सरासरी म्हणा. साधारण काय होतं हे ती सांगते, यंदा काय होणार हे सांगत नाही. पंचांगात नक्षत्राचं वाहन बेडूक दिलंय का गाढव हा भाग मात्र मी चहाबरोबर ऐकतो आणि सोडून देतो. पट्टणकोडोलीच्या यात्रेत फरांडेबाबांची भाकणूक, म्हणजे पावसापाण्याचं भविष्य, ऐकायला लाखो माणसं जमतात, मीपण भंडाऱ्यात न्हाऊन आलोय, श्रद्धा श्रद्धेच्या जागी. तसंच पाऊस लवकर आला म्हणजे साल चांगलं हेपण डोक्यातनं काढा. २००९ला मान्सून केरळात २३ मेलाच पोचला होता, आठवडाभर आधी. सीझन संपला ७८ टक्क्यांवर.

दुष्काळाचा अंदाज तर याच्याही पुढचं दुखणं, कारण दुष्काळ म्हणजे नुसता कमी पाऊस नाही. आधी आभाळातला दुष्काळ येतो, सरासरीपेक्षा पाव हिस्सा किंवा त्याहून जास्त तूट. मग मातीतली ओल संपते, पीक सुकतं, तो शेतातला. आणि शेवटी विहिरी, बोअर, तलाव आटतात, तो पाण्याचा, जो कधी कधी पुढच्या एप्रिलमध्ये दारात येतो, जेव्हा सगळे नव्या पावसाच्या बातम्या वाचत असतात. मोजायचं कसं हापण घोळ आहे. गगनबावड्यात ५०० मिलिमीटर कमी पडला तर चहाच्या टपरीवर चर्चासुद्धा होणार नाही, शिरोळला ५०० कमी म्हणजे जवळजवळ शून्य. म्हणून शास्त्रज्ञ प्रत्येक ठिकाणाची तुलना त्याच्या स्वतःच्याच जुन्या वर्षांशी करतात आणि त्यावरनं एक निर्देशांक काढतात, शून्य म्हणजे नेहमीसारखं, उणे एकच्या खाली कोरडं, उणे दोनच्या खाली भयंकर. सरकारी पद्धत २०१६च्या नियमावलीनं बदलली, पहिली कसोटी पावसाची तूट आणि सलग कोरडे आठवडे, दुसरी कसोटी उपग्रहावरनं दिसणारा पिकाचा हिरवेपणा, मातीतली ओल, धरणातलं पाणी, आणि मग निवडक गावांत जाऊन प्रत्यक्ष पीक बघायचं. पूर्वी सगळी मदार पैसेवारीवर, म्हणजे नेहमीच्या पिकाला रुपया धरून यंदाचं किती पैसे आलं या सरकारी अंदाजावर, ५० पैशाच्या आत आली तर दुष्काळ. नवी पद्धत कागदावर चांगली आहे, पण ती पावसाची नोंद घेते महसूल मंडळाच्या यंत्रावरनं, आणि आमच्या मंडळाचं यंत्र आहे दोन टेकड्या सोडून पलीकडं. २०२३च्या जुलैत एका दिवशी तिथं धो धो आणि आमच्या माळावर नुसतं शिंपडून गेला, त्याची नोंद कुठंच नाही.

मग तात्यांनी करायचं काय, तर टप्प्याटप्प्यानं बघायचं. एप्रिलचा आकडा ऐकायचा आणि विसरायचा. मेअखेरचा नकाशा बघून बियाणं ठरवायचं. पेरणी मात्र आकड्यावर नाही, ओलीवर, ७५ ते १०० मिलिमीटर पडून जमीन नीट भिजल्याशिवाय तिफण हलवायची नाही, कृषी खातं दरवर्षी बोंबलून सांगतं आणि दरवर्षी एक वळीव झाला की निम्मं गाव पेरून बसतं. त्यानंतर खरा कामाचा अंदाज असतो दर गुरुवारचा, पुढच्या चार आठवड्यांचा. मान्सून सलग पडत नाही, तो दम घेतो, विषुववृत्ताजवळनं ढगांचा एक मोठा पट्टा ३० ते ६० दिवसांनी पृथ्वीला फेरी मारतो आणि तो आपल्याकडं आला की जोर, गेला की उघडीप. हा फेरा दोन-तीन आठवडे आधी बऱ्यापैकी पकडता येतो. ऑगस्टची दडी त्यात आधी दिसली तर कोळपणी करून वरची माती मोकळी ठेवता येते, खताचा दुसरा हप्ता थांबवता येतो, शेजाऱ्याच्या विहिरीतनं एक पाणी मिळतंय का ते इतर विचारायच्या आधी विचारता येतं. मग मंगळवारी आणि शुक्रवारी जिल्ह्याचा कृषी हवामान सल्ला येतो, मेघदूत ॲपवर मराठीत बघायला मिळतो, तो फवारणी आणि काढणीसाठी.

माळाचं उत्तर अजून बाकीच होतं. २०२४च्या मेमध्ये मी गावी जाताना रंगाचा एक रिकामा डबा घेऊन गेलो, सरळ उभ्या बाजूंचा, चार लिटरचा, घासून स्वच्छ केलेला. झाडापासून लांब, उघड्यावर, बांधावरच्या दगडांत पक्का रोवला. सरळ बाजूंचं भांडं असलं की झालं, रोज सकाळी आठच्या सुमाराला आत पट्टी बुडवायची, जेवढे मिलिमीटर पाणी तेवढा पाऊस, लिहायचं आणि डबा पालथा करायचा. तात्या पहिल्यांदा हसले. आता नातीची शाळेची पट्टी कायमची त्यांच्या खिशात असते आणि दूधसंस्थेच्या जुन्या कार्डाच्या मागच्या बाजूला आकडे. पहिल्या वर्षी मिरगाच्या सकाळी फोन आला, मंडळाच्या यंत्रावर ४१ लागलाय म्हणून गावात लोक तिफणी काढायला लागलेत.

"आणि डब्यात?"

"नऊ," तात्या म्हणाले. "बी आजून पोत्यातच हाय."